टाळ्या मिळतात, माणूस पटतो का?

२०१९च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने एकही उमेदवार उभा केला नव्हता. तरी त्या प्रचारात सर्वाधिक बोलबाला झाला तो राज ठाकरे यांच्या सभांचा. व्यासपीठावर मोठा पडदा, वक्त्याच्या तोंडून ‘लाव रे तो व्हिडिओ’ असा हुकूम, आणि मग पडद्यावर आधी सत्ताधाऱ्यांचे जुने आश्वासन व त्याच्या पाठोपाठ आजची वस्तुस्थिती. मेळघाटातल्या हरिसाल या ‘डिजिटल गावा’ची जाहिरात आणि तिथले प्रत्यक्ष चित्र त्यांनी शेजारीशेजारी ठेवले. आवाजातला चढउतार, मध्येच घेतलेला विराम, नक्कल, डोळ्यांनी दिलेली दाद, सगळे अव्वल दर्जाचे होते. मैदाने भरली, हशा पिकला, सभेचे तुकडे मोबाइलवरून घरोघरी गेले. निकाल लागला तेव्हा महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ४१ भाजप-शिवसेना युतीकडे होत्या. पुढे २०२४च्या विधानसभेत त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. २००९ मध्ये याच पक्षाने १३ आमदार निवडून आणले होते.

मत देण्यामागे जात असते, उमेदवार असतो, पैसा असतो, लाट असते. एका पराभवाचे खापर भाषणावर फोडणे अन्यायाचे होईल. तरीही एक प्रश्न उरतोच. त्या सभांमध्ये पटले कुणाला? जे आले ते आधीच चिडलेले होते आणि ते आणखी चिडून घरी गेले. जो आला नाही, ज्याचा मोदींवर विश्वास होता, त्याच्यासाठी त्या भाषणात एखादी पायरी होती का, जिच्यावर पाय ठेवून तो वक्त्याच्या बाजूला येऊ शकला असता? मला ती दिसत नाही. आजच्या मराठी राजकीय वक्तृत्वाची अवस्था मला या उदाहरणात एकवटलेली दिसते. हजरजबाबीपणा, आवाज, फेक, टोमणा या बाबतींत ही कला अजूनही श्रीमंत आहे. न पटलेल्या माणसाला पटवण्याच्या बाबतीत मात्र ती फार दुबळी झाली आहे. आणि हे दुबळेपण आपल्या परंपरेतून आलेले नाही, म्हणून ते जास्त बोचते.

आपल्याकडे राजकीय सभा जन्मली ती कीर्तनाच्या मांडीवर. पूर्वरंगात सिद्धान्त मांडायचा, मध्ये नामघोषाने श्रोत्यांना एका लयीत आणायचे, उत्तररंगात तोच सिद्धान्त आख्यानातून डोळ्यांपुढे उभा करायचा, हा क्रम गावोगावच्या श्रोत्याच्या अंगवळणी पडलेला होता. गाडगेबाबांनी तर कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरेच केली. ते विचारत आणि समोरची माणसे उत्तर देत. अखेरचा निष्कर्ष श्रोत्यांच्याच तोंडून बाहेर पडे. सत्यशोधकी जलसे, शाहिरांचे पोवाडे, १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला, १८९३ नंतरचे गणेशोत्सवाचे मेळे, या सगळ्यांनी मिळून इथला श्रोता घडवला. दोन-दोन तास बसणारा, दृष्टान्त मागणारा, आणि मनात शंका घेऊन येणारा श्रोता.

अशा श्रोत्यासमोर टिळक १९१६ मध्ये होमरूलचा प्रचार करत होते. १ मे रोजी बेळगावला, ३१ मे आणि १ जूनला अहमदनगरला. टिळकांची ख्याती रसाळ वक्ता म्हणून नव्हती. तो मान शिवरामपंत परांजप्यांचा. टिळकांचे बोलणे रोखठोक, काहीसे रुक्षच. मंडालेच्या तुरुंगातून सुटून त्यांना दोनच वर्षे झाली होती आणि समोर पोलिसांचे लघुलेखक बसलेले होते. श्रोत्यांच्या मनात भीती होती, आणि ती रास्त होती: स्वराज्य मागणे म्हणजे राजद्रोह तर नव्हे? टिळकांना मते गोळा करायची नव्हती. त्यांना ती भीती काढायची होती. त्यासाठी त्यांनी श्रोत्यांच्या घरातलीच सामग्री वापरली. निर्गुण परब्रह्म वेगळे आणि माया वेगळी, तसे बादशहाचे अदृश्य सरकार वेगळे आणि कलेक्टर-मामलेदारांचे दृश्य सरकार वेगळे. देव बदला असे आमचे म्हणणे नाही, पुजारी बदला असे आहे. हा युक्तिवाद श्रोत्याला नवे काही शिकवत नाही. जे तो रोज मानतो त्याच्याच आधाराने त्याला एक पाऊल पुढे नेतो.

सरकारने त्या भाषणांबद्दल टिळकांकडे २०,००० रुपयांचा वैयक्तिक जातमुचलका आणि वर जामीनदार मागितले. नोटीस त्यांच्या साठाव्या वाढदिवशी, २३ जुलैला बजावली गेली. उच्च न्यायालयात जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला. न्यायमूर्तींनी भाषणे सुटी वाक्ये काढून न पाहता अखंड वाचली. नगरच्या बाजारातल्या माणसासाठी केलेले भाषण इंग्रज न्यायाधीशासमोरही उभे राहिले, कारण त्याला कणा युक्तिवादाचा होता.

या कलेचे मराठीतले सर्वोच्च शिखर मात्र मला बाबासाहेब आंबेडकरांच्या भाषणांत दिसते, आणि मराठी समीक्षेने त्याकडे वक्तृत्व म्हणून पुरेसे पाहिलेले नाही याची खंतही वाटते. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर साडेसात महिन्यांनी, मे १९३६च्या अखेरीस, मुंबईत नायगावला मुंबई इलाखा महार परिषद भरली. ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध झालेले भाषण तिथले. लोक त्यांच्या एका शब्दावर उठायला तयार होते. अशा वेळी बहुतेक नेते आवाहन करून थांबतात. बाबासाहेबांनी तसे केले नाही. नाव हाकारण्याआधी नावाड्याला जशी तयारी करावी लागते, तशी आपल्याला करायची आहे, असे सांगून त्यांनी विषयाचे दोन भाग पाडले: सामाजिक आणि तात्त्विक. मग प्रसंग. चांगले कपडे घातले म्हणून मार, तांब्या-पितळेची भांडी वापरली म्हणून मार, वरातीत घोडा आणला म्हणून मार. हे सगळे श्रोत्यांच्या अंगावरचे. ते ऐकून संताप येणारच, पण वक्ता संतापावर थांबत नाही. ही दोन माणसांची भांडणे नाहीत, हा दोन वर्गांमधला कलह आहे, हे तो या प्रसंगांमधून काढून दाखवतो. पुढे हिशेब. कलहात टिकायला बळ लागते. मनुष्यबळ, द्रव्यबळ, मानसिक बळ, असे तीन प्रकार मांडून तो श्रोत्यांना सांगतो की यांपैकी एकही तुमच्याजवळ नाही. ज्यांच्या जिवावर नेतृत्व उभे आहे त्यांच्यासमोर त्यांच्या उणिवेची अशी यादी वाचायला मोठे धैर्य लागते.

त्यानंतर आक्षेप. वाडवडिलांचा धर्म कसा सोडायचा? धर्म बदलून परिस्थिती बदलेल कशी? राजकीय हक्क जातील त्याचे काय? श्रोत्याच्या मनात जे जे येऊ शकेल ते वक्ता स्वतःच उच्चारतो आणि एकेकाला उत्तर देतो. शेवटी बुद्धाने आनंदाला केलेला उपदेश: स्वतःच स्वतःचा आधार व्हा. कोणत्या धर्मात जायचे हे त्या दिवशी त्यांनी ठरवूनही दिले नाही. भाषण ऐकून माणूस घरी जाताना हातात आज्ञा घेऊन गेला नाही, विचार करायचे साहित्य घेऊन गेला.

वीस वर्षांनी नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंनी दीक्षा घेतली. काम झाले होते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बाबासाहेब पुन्हा बोलायला उभे राहिले आणि कारणे देत राहिले. नागपूरच का निवडले, संघाला डिवचण्यासाठी का, नाही, नागलोकांच्या इतिहासामुळे. मेलेली ढोरे ओढणे सोडल्याने शिंगा-कातड्याचे उत्पन्न बुडते अशा ‘केसरी’तल्या पत्रातल्या हिशेबालाही त्यांनी उत्तर दिले: फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या. ज्यांनी आधीच होकार दिला आहे त्यांनाही कारण मिळण्याचा हक्क आहे, ही वृत्ती मला या भाषणांचा आत्मा वाटते. श्रोत्याला अनुयायी न मानता विचार करणारा माणूस मानणे. सत्तर वर्षांपूर्वी हे मराठीत, खुल्या मैदानात, अर्धशिक्षित आणि निरक्षर श्रोत्यांसमोर घडले. त्यामुळे ‘लोकांना युक्तिवाद झेपत नाही, त्यांना घोषणाच लागतात’ असे कुणी म्हणाले की मला ते मान्य करता येत नाही.

त्याच वर्षी महाराष्ट्रात दुसरी एक मोठी सभा रोज भरत होती. मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य मागणारी संयुक्त महाराष्ट्र समिती फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झाली, नोव्हेंबरमध्ये आचार्य अत्र्यांचे ‘मराठा’ हे दैनिक निघाले आणि शिवाजी पार्क, चौपाटी, कामगार मैदान या जागा महाराष्ट्राच्या खऱ्या विधानसभा झाल्या. गोळीबारात माणसे पडत होती. अशा काळात अत्र्यांनी मराठी माणसाला हसायला लावले. त्या हसण्याचे मोल कमी लेखू नये, कारण ज्याला माणूस हसतो त्याला तो घाबरत नाही. अतिशयोक्ती हे त्यांचे लाडके शस्त्र. दहा हजार वर्षांत असा प्रकार झाला नाही, हे त्यांच्या तोंडचे पालुपद अजून लोक सांगतात. मोरारजी देसाईंची ताठर शिस्त त्यांनी विनोदाचा विषय केली. जोडीला अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांची गाणी होती, डांग्यांचे तर्कशुद्ध विश्लेषण होते, क्रांतिसिंह नाना पाटलांची रानातली भाषा होती. एस. एम. जोशींच्या भाषणाचे काम आणखी वेगळे, पेटलेल्या गर्दीला हाताबाहेर जाऊ न देण्याचे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर नेहरू शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा समितीची प्रचंड निदर्शने शांततेत पार पडली, त्यामागे त्या मवाळ आवाजाचा मोठा वाटा होता.

पण शिवाजी पार्कवर आलेल्यांपैकी कुणाला संयुक्त महाराष्ट्र हवा हे पटवायचे बाकी होते? कुणालाच नाही. ते काम नेमके समोरच्या बाजूला, यशवंतराव चव्हाणांवर पडले होते. १ नोव्हेंबर १९५६ पासून ते मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. जनमत विरोधात, स्वागताला काळी निशाणे, आणि १९५७ला कराडमधून निसटता विजय. ‘सह्याद्रीचे वारे’ या त्यांच्या भाषणसंग्रहात त्या काळातला आवाज ऐकू येतो. विरोधकाचे म्हणणे आधी मान्य करायचे, त्यातला खरा भाग उचलायचा, मग त्याला हलकेच वेगळे वळण द्यायचे. राज्य होणार हे ठरल्यावर ग. त्र्यं. माडखोलकरांनी विचारले, हे राज्य मराठी की मराठा? प्रश्न झोंबणारा होता. यशवंतरावांनी तो अपमान मानला नाही. शंका रास्त आहे असे धरून उत्तर दिले की राज्य मराठी माणसांचे असेल. हा प्रश्न आज कुणी विचारला असता तर विचारणाऱ्याची जात काढली गेली असती.

इतिहासाने अत्र्यांना जिंकवले आणि ते योग्यच झाले, कारण मागणी न्याय्य होती. परंतु पुढच्या पिढ्यांनी अत्र्यांकडून जे उचलले ते मागणीचा न्याय नव्हता, विरोधकाला सोलून काढण्याची रीत होती. ती सर्वांत प्रभावीपणे वापरली बाळासाहेब ठाकऱ्यांनी. पुढे त्यांचे अत्र्यांशी वैर झाले, तरी छगन भुजबळांनी शिवसेना सोडल्यावर त्यांनी त्यांना ‘लखोबा लोखंडे’ म्हटले, तेव्हा नाव अत्र्यांच्याच ‘तो मी नव्हेच’मधून आले होते.

ठाकरे मूळचे व्यंगचित्रकार, आणि त्यांचे वक्तृत्व ऐकताना हे सतत जाणवते. व्यंगचित्रकार माणसाचे एक लक्षण पकडतो आणि तेवढाच माणूस उरवतो. शरद पवारांना ‘मैद्याचे पोते’ म्हटले की धोरण, निर्णय, आकडे यांवर बोलायची गरज संपते. ३० ऑक्टोबर १९६६च्या पहिल्या दसरा मेळाव्यापासून पुढची चार दशके ‘जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो’ अशी हाक (सुरुवातीला तीत ‘हिंदू’ नव्हते, ‘मराठी’ होते) आणि तिच्यामागे गप्पांच्या सुरात चालणारे भाषण. लिहिलेले काही नाही, वाक्ये छोटी, गिरणगावातल्या चाळीच्या गॅलरीत बसून बोलावे तशी. ज्या मराठी तरुणाला नोकरीच्या रांगेत इंग्रजी बोलणारे मागे ढकलत होते, त्याला पहिल्यांदा मोठ्या व्यासपीठावरून आपली भाषा ऐकू आली. ही गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केल्याशिवाय ठाकऱ्यांचे सामर्थ्य कळत नाही.

त्या सामर्थ्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ही घोषणा ऐकायला यमकदार. उडप्याच्या हॉटेलात काम करणाऱ्या माणसासाठी ती डोक्यावर पडणारी काठी होती. पुढे शत्रू बदलला. विलेपार्ल्याच्या १९८७च्या पोटनिवडणुकीत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये केलेली तीन भाषणे न्यायालयात गेली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धर्माच्या नावाने मते मागणे आणि द्वेष पसरवणे हा भ्रष्ट आचार ठरवून तिथून निवडून आलेल्या रमेश प्रभूंची निवड रद्दबातल करणारा निकाल कायम केला, आणि नंतर ठाकऱ्यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. १९१६ आणि १९९५. दोन्ही वेळा न्यायाधीशांनी मराठी भाषणे बारकाईने वाचली. पहिल्या भाषणांत श्रोत्याची भीती काढलेली होती, दुसऱ्यांत ती घातलेली होती. मराठी राजकीय वक्तृत्व या दोन निकालांच्या दरम्यान किती सरकले, ते त्यातून दिसते.

तरी सगळा प्रवाह एकाच दिशेने वाहत गेला असे म्हणणे चुकीचे होईल. मृणाल गोऱ्यांच्या लाटणे मोर्चांनी महागाईचे अर्थशास्त्र स्वयंपाकघरातल्या वस्तूने सांगितले, आणि १९७७ला ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीची बाई पाण्यात’ ही घोषणा त्यांच्यासाठी लोकांनीच रचली. वीस-पंचवीस वर्षांचे काम त्या एका ओळीमागे उभे होते, म्हणून ती नुसती गंमत राहिली नाही. कोकणात बॅरिस्टर नाथ पै यांची भाषणे लोक अजून आठवतात. आणि गोव्यात १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात मराठीचे एक वेगळेच रूप दिसले: महाराष्ट्रात विलीन होऊ नका, हे गोव्यातल्या बहुजन वाचकाला समजावण्यासाठी ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिकच पुढे आले, त्यातल्या उदय भेंब्रे यांच्या सदराने घरोघर वाद पेटवले. समोरच्याला त्याच्या भाषेत जाऊन पटवायचे, हे त्यांनी केले. कौल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा विलीनीकरणाच्या विरोधात गेला. महाराष्ट्रातून गेलेल्या अनेक वक्त्यांना मात्र गोवेकर आधीच आपला आहे असे वाटत होते. त्याला पटवायचे आहे, हेच त्यांच्या लक्षात आले नाही.

पटवण्याची कला बाबासाहेबांनंतर सर्वांत उंचीवर नेली शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला जमीन घेतलेला हा माणूस, शहरी उच्चाराचा, ब्राह्मण, शेतीत नवखा. शेतकऱ्याने त्याच्यावर विश्वास ठेवावा असे काहीच त्याच्या बाजूने नव्हते. त्याने व्यासपीठावर गणित मांडले. बियाणे किती, खत किती, पाण्याचे किती, बैलाचे किती, आणि घरच्या बाईच्या मजुरीचे किती? हा शेवटचा आकडा विचारला की मैदान शांत व्हायचे, कारण तो कुणी कधी धरलाच नव्हता. बेरीज झाली की कांद्याचा भाव आणि खर्च यांतली तूट श्रोत्याला स्वतःच्या तोंडाने सांगावी लागे. गाडगेबाबांचीच ही पद्धत. १९८०ला नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचे आंदोलन रस्त्यावर आणि रेल्वेच्या रुळांवर उतरले, ते या गणिताच्या जोरावर. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्या हिशेबाचे उत्तर होती. हिशेब आधी झालेला होता. १९८६ला चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले ते त्या न मोजलेल्या मजुरीच्या आकड्यातूनच वाढलेले होते. कर्जमाफी नको, कर्जमुक्ती हवी, असे ते आग्रहाने सांगत. माफी गुन्हेगाराला मिळते, आणि शेतकऱ्याने गुन्हा केलेला नाही.

या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहणे उद्बोधक आहे. १ जून २०१७ला पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला. दहा-अकरा दिवसांत सरकारची घोषणा आली: कर्जमाफी, सरसकट, तत्त्वतः, निकषांसह. तीन शब्दांनी तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना शांत केले. ‘सरसकट’ आंदोलकांसाठी, ‘तत्त्वतः’ वृत्तवाहिन्यांसाठी, ‘निकषांसह’ वित्त विभागासाठी. पुढे ३४,००० कोटींचा आकडा जाहीर झाला आणि शेतकरी ऑनलाइन अर्जांच्या रांगेत उभा राहिला. मंत्र्यांची ही मराठी आता सगळीकडे आहे. सरकार सकारात्मक आहे. कुणाचीही गय केली जाणार नाही. टिकणारे आरक्षण देऊ. या वाक्यांमध्ये कर्ता सापडत नाही, मुदत सापडत नाही, आणि म्हणून नंतर कुणाला जाब विचारता येत नाही. मला ही भाषा शिवीगाळीपेक्षा जास्त हानिकारक वाटते. शिवी निदान शिवी म्हणून ओळखू येते.

दरम्यान सभेचा श्रोता बदलला. समोर दहा हजार माणसे बसलेली असली तरी वक्ता बोलतो ते कॅमेऱ्याशी, कारण भाषणाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा कोट्यवधींपर्यंत जाणार असतो. तासून आणलेला युक्तिवाद अर्ध्या मिनिटात मावत नाही, टोला मावतो. मग भाषण टोल्यांची माळ होते, मधला दोरा गळून जातो. उलट बाजूनेही हेच संकट आहे: असाच एखादा तुकडा वक्त्याला बुडवतो. आर. आर. पाटील हे तासगावच्या बोलीत सभा जिंकणारे वक्ते, अंजनीसारख्या लहान गावातून आलेले. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पत्रकारांसमोर त्यांनी हिंदीत चित्रपटाच्या संवादासारखे एक वाक्य उच्चारले, मोठ्या शहरांत अशा लहान गोष्टी होतात, आणि त्यांचे गृहमंत्रिपद गेले. एप्रिल २०१३ला, दुष्काळात, इंदापूर तालुक्यातल्या सभेत अजित पवार धरणातल्या पाण्यावरून जे बोलले त्याला समोर हशा मिळाला होता. तो हशाच मला त्या वाक्याइतका चिंतेचा वाटतो. पाणी मागणाऱ्या माणसाची टिंगल झाली आणि सभा हसली. नंतर त्यांनी माफी मागितली, कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी बसून आत्मक्लेश केला. त्या समाधीपाशीच, हे योग्य झाले.

आपली चूक झाली, हे सभेतच सांगणारे भाषण अलीकडे एकच ठळकपणे आठवते. १८ ऑक्टोबर २०१९, सातारा, भर पाऊस. शरद पवार शब्दांचे खेळ करणारे वक्ते कधीच नव्हते. गावाचे नाव, तिथल्या जुन्या कार्यकर्त्याचे नाव, पिकाचा भाव, एवढ्यावर त्यांची सभा चाले. त्या दिवशी त्यांनी भिजत भिजत सांगितले की लोकसभेला उमेदवार निवडताना माझी चूक झाली. छायाचित्र पावसाचे गाजले. माझ्या मते साताऱ्यातला मतदार वळला असेल तर तो त्या कबुलीने. ज्याने एप्रिलमध्ये पवारांच्या पक्षाचे तेव्हाचे उमेदवार उदयनराजे यांना मत दिले होते त्याला ऑक्टोबरमध्ये मत बदलायला तिने सन्मानाची वाट दिली. तुझे चुकले असे न म्हणता माझे चुकले असे म्हटले, आणि श्रीनिवास पाटील निवडून आले.

२०२४ची विधानसभा निवडणूक आठवली की मात्र मन खट्टू होते. सर्वांत जास्त गाजलेल्या दोन घोषणा, ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘एक है तो सेफ है’, हिंदीतून आल्या आणि मराठी सभांत तशाच घुमल्या. महायुतीतल्याच अजित पवारांनी पहिलीला उघड विरोध केला, तरी त्यावर सभेत वाद रंगला नाही. दुसरीकडे लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये. एका बाजूने ते २,१०० करू म्हटले, दुसऱ्या बाजूने ३,००० देऊ म्हटले. गरीब बाईच्या हातात पैसे जाणे मला गैर वाटत नाही, तिला ते हवेतच. पण एवढ्या मोठ्या निर्णयावर एकाही मोठ्या सभेत कुणी सांगितले नाही की हा पैसा कुठून येणार, कशातून कमी होणार, आणि तरीही तो का द्यावा. जोशींनी ज्या बाईच्या मजुरीचा हिशेब मांडला, तिला आता ‘बहीण’ म्हणून हाक आहे, हिशेब नाही.

आजच्या वक्त्यांमध्ये मला मनोज जरांगे पाटलांकडे थांबून पाहावेसे वाटते, त्यांच्या मराठा आरक्षणाच्या मागणीशी सहमत असो वा नसो. १ सप्टेंबर २०२३ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला तोपर्यंत जालन्याबाहेर त्यांना फार कुणी ओळखत नव्हते. त्यांच्या भाषणात अलंकार नाहीत. आवाज उपोषणाने बसलेला, वाक्य तीन-चार शब्दांचे, बोली गोदापट्ट्यातली, प्रमाण मराठीची फिकीर नाही. त्यांनी एक जुनी गोष्ट पुन्हा मैदानात आणली. सरकारचा कागद आला की तो लोकांसमोर वाचायचा. जानेवारी २०२४ला वाशीत त्यांनी शासनाचे उत्तर गर्दीपुढे वाचून दाखवले, यातले हे मिळाले, हे मिळाले नाही असे सांगितले. ‘सगेसोयरे’ हा लग्नाच्या बैठकीतला शब्द त्या मागणीतून राजपत्राच्या मसुद्यात गेला. ‘तत्त्वतः’ आणि ‘निकषांसह’ असल्या शब्दांवर कागदाच्या जाहीर वाचनाइतका चांगला उतारा मला दुसरा दिसत नाही. याच भाषणांत विरोधकांचा एकेरी उल्लेख, अपशब्द, तोल सुटणे हेही आहे, आणि ते खटकते. त्याहून जास्त खटकते ते असे की त्यांचे भाषण ओबीसी श्रोत्याशी बोलत नाही, आणि नोव्हेंबर २०२३ला अंबडपासून सुरू झालेल्या भुजबळांच्या एल्गार सभा मराठा श्रोत्याशी बोलत नाहीत. दोन्ही मैदाने एकाच जिल्ह्यात, दोन्हीकडची माणसे एकाच बाजारात भाजी घेणारी. कोरडवाहू दोन एकरांचा मराठा आणि शेजारचा माळी किंवा धनगर यांच्या मनातली भीती एकाच भाषणात उच्चारणारा वक्ता मराठवाड्याला या दोन वर्षांत मिळाला नाही. नायगावच्या व्यासपीठावर आक्षेपांची यादी वक्त्याने स्वतः वाचली होती.

या कलेची समीक्षा करायची तर आणखी एक अडचण आहे. टिळकांची भाषणे उरली त्याला पोलिसांच्या लघुलेखकांचाही हातभार आहे. बाबासाहेबांची मराठी भाषणे शासनाच्या ग्रंथमालेत अठराव्या खंडाच्या तीन भागांत मिळतात, यशवंतरावांची संग्रहांत मिळतात. आजच्या नेत्यांचे प्रत्येक भाषण चित्रित होते, पण शोधायला गेले की हाती तुकडे लागतात, बहुतेक दुसऱ्याने कापलेले, वर मथळा चढवलेले. विधिमंडळात प्रतिवेदक शब्द न् शब्द टिपतात, म्हणून तिथे बोललेल्या वाक्याचा जाब वर्षांनंतरही विचारता येतो. निवडणूक सभेतल्या वाक्याचा विचारता येत नाही, आणि राज्य कुणाचे येणार हे ठरते ते त्या सभांमध्ये. राजकीय पक्षांनी आपल्या प्रमुख वक्त्यांची निवडणुकीतली भाषणे अथपासून इतिपर्यंत लिखित स्वरूपात प्रसिद्ध करावीत, अशी मागणी साहित्य संस्थांनी आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी लावून धरायला हवी. पुढची निवडणूक येण्याआधी ती लावून धरली तर निदान एका फडातला युक्तिवाद दुसऱ्या फडातल्या माणसाला पूर्ण वाचता येईल.